गावात अभ्यासासाठी बायका तयार होत नाहीत? आधी गळती कुठे आहे ते मोजा

प्रश्न असा आहे: धाराशिव-बीड पट्ट्यातल्या ४० गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास सुरू आहे. ३० ते ५९ वयाच्या ३,००० महिलांची नोंदणी करायची, एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू) तपासणीसाठी महिलेने स्वतःच ब्रशने नमुना घ्यायचा, आणि सहा व बारा महिन्यांनी पुन्हा भेटायचं. चार महिन्यांत नोंदणी ६०० च्या पुढे सरकलेली नाही. आशाताई म्हणतात, बायका नाही म्हणतात. शिबिरं वाढवावीत का? साडी किंवा भांडं द्यावं का?

शिबिरं वाढवू नका. साडी तर अजिबात नको. आणि 'बायका नाही म्हणतात' हे इतक्यात खरं मानू नका.

याच भागात याहून अवघड काम होऊन गेलेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुख कॅन्सरच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. गावांचे ५२ गट, १,३१,७४६ महिला, वय ३० ते ५९, म्हणजे तुमचाच वयोगट. तपासणीच्या तीन पद्धती वापरल्या, आणि तिन्हींत दहापैकी जवळपास आठ जणी तपासणीला आल्या. तीही स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवायचं साधन) घालून केलेली अंतर्गत तपासणी होती. तुम्ही तर नमुना बाईच्याच हातात देताय. त्यामुळे बायका मुळातच तयार नसतात, हे कारण टिकत नाही. गळती दुसरीकडे कुठेतरी आहे.

ती शोधायची असेल तर गाववार हिशेब मांडा. १,५०० वस्तीच्या गावात ३० ते ५९ वयाच्या साधारण अडीचशे-पावणेतीनशे महिला असतात. समजा तुमच्या यादीत २६० आहेत. त्यातल्या पात्र किती? प्रत्यक्ष भेटल्या किती? माहितीपत्रक पूर्ण ऐकलं किती जणींनी? संमती किती, नमुना किती, आणि वापरण्याजोगा नमुना किती? या सहा आकड्यांपैकी तुमच्याकडे बहुधा शेवटचे तीनच असतील, कारण काम शिबिरात चालतं आणि शिबिरात न आलेली बाई कोणत्याच कागदावर नसते. मग न भेटलेली, वेळ नसलेली, घरातून अडवलेली आणि खरोखर नको म्हणणारी अशा सगळ्या जणी 'नकार' या एकाच खान्यात जातात. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. विचारून, समजून स्पष्ट नको म्हणणारी यात सहसा सर्वांत कमी असते.

म्हणून पहिलं काम घरयादीचं. आशाताईंच्या रजिस्टरवरून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. त्या रजिस्टरवर गरोदर बायका आणि लहान मुलं चोख असतात, पंचेचाळिशीच्या पुढची बाई बऱ्याचदा नसते. शेतवस्तीवरची घरं, गावाबाहेरची पालं, भाड्याने राहणारी कुटुंबं सुटतात. नकाशा हाताने काढा, गल्लीवार घरांना क्रमांक द्या आणि प्रत्येक घरातल्या त्या वयाच्या प्रत्येक बाईची नोंद करा. दोघींच्या जोडीला एका गावाला तीन ते चार दिवस लागतात. हे दिवस वाया जातात असं वरच्यांना वाटेल. छेद नसलेला, म्हणजे एकूण किती जणींपैकी हे सांगता न येणारा अभ्यास छापताना जो त्रास होतो, त्यापुढे हे काहीच नाही.

शिबिराचं आणखी एक दुखणं आहे. शिबिरात कोण येतं? जिला आधीच काहीतरी होतंय ती. अंगावरून पांढरं जाणारी, पाळी सोडून रक्त जाणारी, नाहीतर बचत गटात पुढे असणारी. त्यांच्यावरून काढलेलं एचपीव्हीचं प्रमाण गावाचं नसतं. शिवाय शिबिर भरतं कुठे? ग्रामपंचायतीत, मंदिराच्या सभामंडपात किंवा सरपंचांच्या वाड्यासमोर. तिथे दलित वस्तीतली, मुस्लिम मोहल्ल्यातली, पारधी पालावरची बाई मोकळेपणाने येत नाही, आणि ती का आली नाही हे विचारायलाही कोणी जात नाही. अंगणवाडी, उपकेंद्र, समाजमंदिर या जागा बऱ्या. सर्वांत बरं म्हणजे वस्तीवार छोट्या बैठका, पंधरा-वीस जणींच्या, आणि नोंदणी घरी.

पात्रता तपासताना या भागात हमखास होणारी चूक सांगतो. 'ऑपरेशन झालंय का?' असा प्रश्न विचारला की बाई हो म्हणते आणि कार्यकर्ती तिला गर्भाशय काढलेल्यांत टाकून मोकळी होते. गावात नुसतं ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं. त्यामुळे सरळ 'पिशवी काढली का?' असंच विचारा. हो म्हणाली तर कोणत्या साली, त्यानंतर पाळी आली का, दवाखान्याचा कागद आहे का, हेही. बीड-धाराशिवकडे, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये, कमी वयात पिशवी काढलेल्या खूप भेटतील. त्यांना यादीतून गुपचूप गाळू नका. 'अपात्र' म्हणून कारणासह नोंदवा. तुमचं ३,००० चं उद्दिष्ट ठरवताना हे प्रमाण धरलं होतं का, तेही बघा. नसेल तर ४० गावांत तेवढ्या पात्र महिला गोळा करणं तुम्हाला वाटलं होतं त्याहून जड जाणार आहे.

याच इतिहासामुळे तुमच्याविषयी एक अफवा फिरत असेल: तपासायला येतात आणि मग पिशवी काढायला लावतात. ही अफवा हसण्यावारी नेऊ नका, तिला आधार आहे. बैठकीत कोणी विचारायच्या आधी तुम्हीच काढा. सांगा की या तपासणीवरून कोणाचीही पिशवी काढली जाणार नाही. एचपीव्ही सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांची पुढची तपासणी होते, आणि गर्भाशयमुखावर बदल दिसले तर तेवढ्याच भागावर उपचार होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, ही गोष्ट लपवू नका, पण 'कोणाकडून आला' या वाटेने जाऊ नका. तो कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, एवढं एक वाक्य जोडलंत तर घरातलं भांडण टळतं. हे वाक्य कार्यकर्तीला पाठ हवं, तिच्या मर्जीवर सोडू नका.

आता संमती. इथेच तुमची मोठी गळती असेल असा माझा अंदाज आहे, आणि कारण बहुधा वेळ. माहितीपत्रक वाचून दाखवणं, प्रश्न, नमुना कसा घ्यायचा ते दाखवणं यासाठी एका बाईला २५ ते ३० मिनिटं लागतात. दोघींची जोडी दिवसात बारा-पंधरा संमती नीट घेऊ शकते. तुमच्या रोजच्या नोंदीत एखाद्या दिवशी ४० दिसत असतील तर तो दिवस चांगला गेला असं समजू नका, त्या दिवशीच्या संमतीपत्रांची तपासणी करा.

माहिती एका दिवशी आणि सही दुसऱ्या दिवशी ठेवली तर होकार वाढतात. बाईला घरात बोलायला रात्र मिळते. नवऱ्याशी, सासूशी बोलायचं असेल तर बोलू द्या, ते घरी असताना पुन्हा समजावूनही सांगा. पण सही तिचीच. नवऱ्याची परवानगी तिच्या संमतीची जागा घेत नाही. ग्रामसभेचा ठराव, सरपंचांचं पत्र हे तर फक्त गावात शिरण्यापुरतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. दुसऱ्या कोणीतरी सही केली की काय होतं, तेही या देशाने पाहिलंय. आंध्र आणि गुजरातमधल्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदीय समितीने ताशेरे ओढले. त्याच्याशी संबंध नसलेल्या एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणाऱ्या चाचणीतलं लसीकरणही त्याच तडाख्यात थांबलं. बार्शी आणि पुणे ही त्या चाचणीच्या केंद्रांपैकी होती.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठा आणि निःपक्ष साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून आशाताईंना बसवू नका. त्यांना तुमच्याकडून मानधन मिळतं, म्हणजे त्या निःपक्ष नाहीत. शेजारची शिकलेली सून, बारावीतली नव्हे तर अठरा पूर्ण झालेली मुलगी, शाळेतल्या बाई चालतील. साक्षीदाराने पूर्ण वेळ बसायचं असतं, शेवटी बोलावून सही घ्यायची नसते. अंगठ्याची भीती जमिनीच्या कागदांमुळे आणि बचत गटाच्या कर्जामुळे असते. म्हणून कागद कोरा नाही हे बोट ठेवून दाखवा, रिकामी जागा तिच्यासमोर रेघ मारून बंद करा आणि एक प्रत तिथेच द्या. प्रत बंद पाकिटात, पाकिटावर कॅन्सर हा शब्द नको.

आधार क्रमांक मागता का? कशासाठी? अभ्यासाला तुमचा स्वतःचा ओळखक्रमांक पुरतो. आधार मागितलं की बाईच्या मनात योजना, कर्ज, अनुदान हे सगळं एकदम येतं, आणि दोन घरं पुढे जाईपर्यंत गावभर होतं. पुढे उपचाराला जाताना महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार लागेल, तेव्हा ते रुग्णालयात दाखवता येईल. तसंच कॅमेऱ्याचं. संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण २०१९ च्या नियमांनुसार काही नव्या औषधांच्या चाचण्यांत, असुरक्षित गटांतल्या व्यक्तींसाठी लागतं. तुमच्या अभ्यासात औषधच नाही. तुमच्या एथिक्स कमिटीने (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) वेगळं सांगितलं नसेल तर मोबाइलवर चित्रीकरण करणं थांबवा. त्यानेच कितीतरी जणी उठून जातात.

पत्रकाची भाषा पाचवी-सहावीच्या मुलीला वाचता येईल अशी हवी. 'सहभागी व्यक्तीस' असलं सरकारी मराठी काढून टाका. आणि 'मोफत तपासणी शिबिर' हा फलक आजच उतरवा. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. हे संशोधन आहे, यायचं की नाही हे तिच्या हातात आहे, नाही म्हटलं तरी सरकारी दवाखान्यातलं तिचं काही अडणार नाही, हे पहिल्या तीन वाक्यांत यायला हवं. फलक, पत्रक, व्हॉट्सॲपवरचा निरोप, गाडीवरून पुकारायचा मजकूर, या सगळ्याला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आशाताईंनी गटावर स्वतःच्या शब्दांत टाकलेला निरोपही यातच मोडतो, म्हणून मंजूर मजकूर त्यांच्या हाती द्या.

पैशाचं. साडी दिली तर गरीब घरातली बाई साडीसाठी हो म्हणते आणि सहा महिन्यांनी दार उघडत नाही. शिवाय शेजारच्या पिशवी काढलेल्या, म्हणून अपात्र ठरलेल्या बाईला साडी मिळत नाही, आणि गावात तंटा उभा राहतो. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मात्र जरूर द्या, विशेषतः पुढच्या तपासणीला तालुक्याला किंवा जिल्ह्याला यावं लागेल तेव्हा. ते आमिष नाही, भरपाई आहे. रक्कम मंजूर आराखड्यात लिहिलेली असावी, सगळ्यांना सारखी आणि त्याच दिवशी हातात. 'खात्यावर जमा होईल' म्हणालात तर पासबुक मागावं लागतं आणि पुन्हा संशय.

आशाताईंना मानधन कसं देता, हे विचारायचं राहिलंच. प्रत्येक नोंदणीमागे देत असाल तर ते ताबडतोब बदला. नोंदणीमागे पैसे म्हणजे होकारामागे पैसे. मग वय २८ चं ३० होतं, माहितीपत्रक दोन मिनिटांत उरकतं, आणि अवघड घरं मागे राहतात. माहिती दिलेल्या घरामागे द्या, उत्तर काहीही येवो. एका आशाताईंकडे साधारण हजार लोकवस्ती असते, त्यांची नियमित कामं आणि सर्वेक्षणं असतात. गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या) आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून त्यांचे दिवस ठरवा. लसीकरणाच्या दिवशी त्यांना ओढू नका. त्यांचं काम ओळख करून देणं. संमती घेणं तुमच्या प्रशिक्षित कार्यकर्तीचं, कारण आपल्याच आशाताईंना तोंडावर नाही म्हणणं बाईला जड जातं.

भेटीच्या वेळा पाळल्या नाहीत तर बाकी सगळं व्यर्थ. सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर. दुपारी घरात म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतात. पेरणीचे दिवस, ऑक्टोबरातली सोयाबीनची काढणी, ज्वारीची काढणी या काळात गावं रिकामी. आठवडी बाजाराचा दिवस ज्या-त्या गावाचा वेगळा. आधी विचारून घ्या. नवरात्रात आणि उपवासाच्या दिवशी बऱ्याच जणी नमुना द्यायला तयार नसतात. पाळीत नमुना घेता येत नाही, आणि पाळी आहे असं पुरुष पर्यवेक्षकासमोर कोणी सांगत नाही, नुसतं 'आज नको' म्हणते. हा नकार नव्हे. शेवटच्या पाळीची तारीख विचारून पुढची भेट ठरवा. वेगवेगळ्या वेळांच्या तीन भेटी झाल्या आणि बाई भेटलीच नाही, तर 'भेट नाही' असं लिहून पुढे जा. तिच्याऐवजी शेजारची घेऊ नका. स्पष्ट नको म्हणालेल्या बाईकडे पुन्हा जायचं नाही. कारण एकदा विचारायचं, सांगितलं तर लिहायचं.

नमुन्याच्या तांत्रिक बाजूवर थोडक्यात. घरात कडी लागणारी खोली किंवा न्हाणीघर आहे का ते आधी बघा, नसेल तर अंगणवाडीची वेळ ठरवा. चित्र आणि रिकामा ब्रश दाखवून तिच्याकडून एकदा तोंडी वदवून घ्या. ब्रश जमिनीला लागणं, टोपण सैल राहून द्राव सांडणं, सूचनेपेक्षा कमी वेळा फिरवणं, वाया जाणाऱ्या नमुन्यांची कारणं हीच. लेबल आधी छापलेलं, आणि ते संमतीपत्रावर व नळीवर एकाच वेळी, तिच्यासमोर चिकटवायचं. एका गावात एकाच आडनावाच्या सहा सुनीता निघतात. नाव आणि नवऱ्याचं नाव यांवर विसंबलात तर रिपोर्ट चुकीच्या घरी जाईल.

आणि रिपोर्ट. पहिल्या गावात किती दिवसांत दिलात? गावागावांत नातीगोती असतात. पहिल्या गावातल्या बाईला तीन महिने निकाल कळला नाही, तर तिची पाचव्या गावातली बहीण तुमच्याकडे येणार नाही. संथ नोंदणीचं हे कारण कार्यालयात बसून कधीच दिसत नाही. जितके दिवस सांगितले तितक्यात द्या. प्रयोगशाळा सहा आठवडे घेत असेल तर आठ सांगा. निगेटिव्ह निकालही घरी जाऊनच द्या. पॉझिटिव्ह आलेल्या बाईची पुढच्या तपासणीची तारीख, जागा आणि गाडी ठरवूनच तिच्या दारात जा. 'जिल्हा रुग्णालयात दाखवा' असं सांगून परत येणं म्हणजे तिला भीती देऊन सोडून देणं.

तुमच्या अभ्यासात तुलनेचा गट असेल, म्हणजे काही गावांत तपासणी उशिरा होणार असेल, तर चिठ्ठ्या टाकून गाव ठरलं, डॉक्टरांनी किंवा सरपंचांनी निवडलं नाही, असं उघड सांगा. उस्मानाबादच्या चाचणीत आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांवर झालेल्या चाचणीत, तुलनेच्या गटातल्या महिलांची अभ्यासात तपासणी झाली नाही, त्यांना माहिती दिली गेली. त्यावर नंतर कडक टीका झाली. टीकाकारांचा मुद्दा मला पटतो. तुलनेच्या गावांना तपासणी केव्हा मिळणार, हे तारखेसह आराखड्यात हवं.

राहिला प्रश्न सहा महिन्यांच्या भेटीचा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. एप्रिल-मेमध्ये नोंदणी केलीत तर सहा महिन्यांनी ती बाई पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या तळावर असेल. ऑगस्टात केलीत तरी फेब्रुवारीत ती तिथेच. त्यांच्यासाठी सहा महिन्यांची भेट तीन-चार महिन्यांवर आणता येते का, किंवा बारा महिन्यांचीच ठेवता येते का, हे संख्याशास्त्रज्ञांशी बोलून कमिटीकडून दुरुस्ती मंजूर करून घ्या. तोडीला जाणाऱ्यांना यादीतूनच वगळण्याचा मोह होईल; पण या भागात त्यांना वगळून केलेला अभ्यास कोणाविषयी असेल, ते एकदा लिहून बघा.

संपर्कासाठी एक नंबर पुरत नाही. फोन बहुतेकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. फोन कोणाचा, कोण उचलतं, कोणत्या वेळी, निरोप ठेवला तर चालेल का, हे चारही विचारून लिहा. दुसरा नंबर माहेरचा घ्या, तो सहसा टिकतो. मुकादमाचा नंबर तिने स्वतःहून दिला तरच घ्या. फोनवर अभ्यासाचं किंवा तपासणीचं नाव घ्यायचं नाही. 'ताईंना सांगा, आरोग्याच्या कामासाठी अमुक ताईंचा फोन होता' एवढंच, आणि त्यासाठी कार्यकर्तीचा एकच नंबर शेवटपर्यंत चालू ठेवा. कार्यकर्ती बदलली तरी सिमकार्ड प्रकल्पाचंच असू द्या.